‘स्पेस’वर हसलेल्या माझ्या वर्गमित्रांना

दहावी १९९३च्या दोस्तांनो,

शाळेचं नाव घालत नाही. आपले दोन मास्तर अजून हयात आहेत आणि त्यांच्या हातचा मार अजून आठवतो.

हे मी ग्रुपवरच टाकणार होतो. पण ग्रुपवर चार ओळींच्या वर काही लिहिलं की कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकतो आणि पाठोपाठ सुप्रभातची फुलं येऊन पडतात. शिवाय जे म्हणायचंय ते आपल्या एकोणचाळीस जणांपुरतं नाही. म्हणून उघड्यावर लिहितोय. राग आला तर जत्रेत काढा.

विषय तुम्हाला कळला असेलच. गणपतीतली चौथी रात्र, भजन आटपलेलं, काळ्या वाटाण्याच्या उसळीची दुसरी फेरी चाललेली. आपण सगळे ओटीवर पाय सोडून गजाली मारत होतो आणि विषय निघाला दशावताराचा, आपल्या जत्रेतल्या रात्रीच्या नाटकाचा. यंदा जत्रेला कुठली कंपनी, मागच्या वर्षीचा राजा कसा घसा बसलेला होता, वगैरे. घरमालकाची मुलगी वाट्या गोळा करत होती. पुण्याला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे ती. जाता जाता थांबली आणि म्हणाली, “काका, राजा एन्ट्री घेतो ना, तेव्हा तो नुसता आत येत नाही. तो स्पेस क्रिएट करतो.”

दोन सेकंद शांतता. मग आपल्यातलाच एक म्हणाला, “आमच्या खळ्यात खंयची गो स्पेस? गाडी लावूक जागा नाय!”

ओटी हादरली. तिचा बापूस सगळ्यात मोठ्याने हसला. मीही हसलो, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं वाचताना तुम्ही म्हणाल की हा कोण लागून गेला. ती लाल झाली, वाट्या घेऊन आत गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भेटली तर चक्क ठसठशीत मालवणीत बोलत होती, ‘काका, च्या घेतलास?’ याच्या पलीकडे एक शब्द नाही. विसर्जनापर्यंत तिच्या तोंडून एकही पुणेरी वाक्य ऐकलं नाही. तेव्हापासून ग्रुपवर कुणीही कसलाही फोटो टाकला, अगदी गोठ्याच्या नव्या पत्र्यांचासुद्धा, तरी खाली येतं: ‘छान स्पेस!’ आणि तिचं नाव पडलंय मॅडम.

हसतील त्याचे दात दिसतील, असं आपल्या आया म्हणायच्या. त्या रात्री माझेही दिसले. ते मला तेव्हापासून आवडेनासे झालेत.

आधी एक सरळ गोष्ट. पोरगी बरोबर बोलत होती.

दशावताराच्या रंगमंचावर असतं काय? मागे एक पडदा, बाजूला पेटी, मृदंग, झांज घेऊन बसलेले तिघे आणि मधोमध एक लाकडी बाकडा. बस. त्या बाकड्यावर राजा बसला की सिंहासन, उभा राहिला की डोंगर, त्याच्यामागून डोकावला की झाडी. राजा झपझप एक गोल फेरी मारतो, ‘अरे, हे तर घनदाट अरण्य!’ म्हणतो आणि आपल्याला खरंच अरण्य दिसतं, तेही समोर भजीवाल्याचा पेट्रोमॅक्स फरफरत असताना. आपण लहानपणी हे शेकडो वेळा बघितलं. पण यात काय घडतं ते सांगायला आपल्यापाशी शब्द नव्हता. तिला एक सापडला. इंग्रजी आहे, कॉलेजात नवा नवा शिकलेला आहे, तोंडात अजून नीट बसलेला नाही. नव्या चपलेसारखा चावतोय तिला. पण चपला चालूनच बसतात, मित्रांनो.

आता थोडं खवचट. त्या रात्री ‘गाडी लावूक जागा नाय’ म्हणणाऱ्या आपल्या मित्राचे वडील दशावतारात राजपार्टी, म्हणजे राजाचं काम करणारे नट होते. चौथीपर्यंत शिकलेले. दिवसा दुसऱ्याच्या बागायतीत गडगे घालायचे आणि रात्री तोंडाला रंग लावून, डोक्यावर मुकुट चढवून बोलायला लागले की काय भाषा! ‘प्रधानजी, आमच्या राज्यात प्रजाजन सुखी आहेत ना?’ घरात ‘वाईच पानी हाड’ म्हणणारा माणूस देवळासमोर उभा राहून अर्धा-अर्धा तास ‘तद्वत’, ‘किंबहुना’, ‘धिक्कार असो’ म्हणायचा. आणि ते पाठ केलेलं नसायचं. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, हे तुम्हाला सांगायला नको. संध्याकाळी कथा ठरते आणि संवाद जागेवर सुचतात. म्हणजे तो माणूस रात्रभर, न अडखळता, आपल्या ऐपतीच्या, शिक्षणाच्या आणि जातीच्या कितीतरी वरची मराठी स्वतः रचत असायचा.

त्याला कुणी म्हणालं का, की मोठो शाणो इलो? आव हाडता?

नाही म्हणालं. रात्रीचो राजा, सकाळी डोक्यार बोजा, ही म्हण आपल्याकडे आहे खरी, आणि तिच्यात टोमणा आहे तसा मायेचा हातही आहे. लोकांना दोन्ही ठाऊक होतं: हा राजा नाही, आणि आत्ता हा राजा आहे. दशावतारातले राजपार्टी सुधीर कलिंगण यांना लोकांनी ‘लोकराजा’ म्हटलं ते काय त्यांच्याकडे राज्य होतं म्हणून? स्त्रीपार्टी मिशी काढून नऊवारी नेसून उभा राहिला की त्याच्या चालण्यात, मान वळवण्यात आपल्या आया स्वतःला बघायच्या आणि दाद द्यायच्या. रात्रभर उसना आव आणणाऱ्या माणसांना आपण डोक्यावर घेतलं, त्यांचा पेटारा गावात आला की पाया पडलो. आणि एका मुलीने एक उसना शब्द वापरला तर तिला आत पाठवलं.

मराठीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत, याचं मला अलीकडे फार कौतुक वाटायला लागलंय. सोंग आणि ढोंग. ऐकायला जुळे भाऊ, पण स्वभाव निराळे. सोंग आणतात, ते वठतं किंवा फसतं, आणि बघणाऱ्याला ते सोंग आहे हे दिसत असतं. ढोंग करतात, आणि ते कळू नये अशी खटपट असते. सोंगाड्याला आपण बिदागी देतो, ढोंग्याला शिव्या. ‘शायनिंग मारते’ म्हणताना आपण दोघांना एकाच दाव्याला बांधतो.

मी स्वतः किती सोंगं आणलीत ते तुम्हाला माहीत नाही, कारण ती मी पुण्यात आणली. आता सांगतो.

१९९५ सालचा डिसेंबर. मला पुण्यात येऊन सहा महिने झाले होते. बोलण्यातला आपला हेल जात नव्हता. खानावळीत ‘आमटी वाईच वाढ’ म्हटलं की पलीकडच्या टेबलावर कुणाच्या तरी भुवया हलायच्या. खोलीत माझ्याबरोबर राहणारा मुलगा गाण्यातल्या घरचा. आजी गायची, वडील पेटी वाजवायचे. तो सवाईला निघाला, मीही निघालो. सवाई गंधर्वांच्या स्मृतीसाठी भीमसेनजींनी १९५३ साली सुरू केलेला तो महोत्सव तेव्हा रमणबागेच्या मैदानावर व्हायचा. आतासारखी दहाच्या ठोक्याला माईक बंद करायची सक्ती तेव्हा नव्हती, शेवटची बैठक रात्रभर चालायची आणि समारोपाला सकाळी स्वतः भीमसेनजी. भारतीय बैठकीचं तिकीट सगळ्यात स्वस्त. लोक सतरंज्या, शाली, थर्मास आणि मेथीच्या पराठ्यांचे डबे घेऊन आलेले. मी एक जाडजूड पुस्तक काखेत मारून गेलो होतो. का, ते विचारू नका. चार तासांत त्याचं पान उलटलं नाही.

खरं सांगतो, मला गाणं आवडत नव्हतं. मला गाणं आवडणारा माणूस व्हायचं होतं.

विलंबित ख्याल सुरू झाला, एकतालात. खोलीतल्या मित्राने रिक्षात एवढंच शिकवलेलं: तबल्यावर ‘धागे तिरकिट’ ऐकू आलं की समजायचं सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, जवळ आली, मग सगळ्यांबरोबर मान हलवायची. विलंबित म्हणजे एकेका मात्रेला तीन-चार सेकंद, बारा मात्रांचं एक आवर्तन पाऊण मिनिटाच्या घरात जातं. मी कान टवकारून बसलो. धागे… तिरकिट… आलं! दोन मात्रा मोजल्या आणि डोळे मिटून अशी काही मान हलवली, वर हळूच ‘वाह’! आजूबाजूला एकही मान हलली नव्हती. समेला अजून सहा मात्रा होत्या.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. कानटोपी, मफलर, गुडघ्यावर घडी घातलेली शाल. ते हसतील असं वाटलं. ते माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत. पुढच्या आवर्तनाला त्यांनी माझ्या गुडघ्यावर बोट ठेवलं आणि मात्रा मोजायला लागले. धिं, धिं, धागे, तिरकिट, तू, ना, कत्, ता, धागे, तिरकिट, धी, ना. मग बोट जरा दाबलं. सम. माना हलल्या. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “तिरकिट दोनदा येतं. पहिल्यानंतर ‘तू ना’, दुसऱ्यानंतर ‘धी ना’. धी ना झालं की या.”

‘या’ म्हणाले. जणू घरी बोलावत होते.

पहाटे पाचच्या सुमाराला दुसरे कुणी गात होते. मला आता थोडा धीर आला होता. म्हाताऱ्यांनी विचारलं, “काय राग असेल?” मला एकाच रागाचं नाव येत होतं. शाळेत आपल्या बाईंनी पेटीवर शिकवलेला. “यमन,” मी म्हटलं, ठामपणे. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “यमन संध्याकाळ सरताना. आता उजाडतंय. यात पंचम सापडतो का बघा.” मी अर्धा तास पंचम शोधत बसलो. मला पंचम म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, तर सापडणार कुठून? नंतर कधीतरी कळलं की तो ललत होता आणि ललतात पंचम, म्हणजे ‘प’ हा स्वर, लागतच नाही. म्हाताऱ्यांनी मला नसलेली गोष्ट शोधायला लावली होती, आणि ती शोधताना मी आयुष्यात पहिल्यांदा अर्धा तास गाणं ऐकलं.

पुढची पाच-सहा वर्षं मी हेच करत राहिलो. चुकीच्या जागी वाहवा, न वाचलेली पुस्तकं काखेत, ‘घराणं’, ‘गायकी’, ‘ठहराव’ हे शब्द अंदाजपंचे. तुमच्या भाषेत निव्वळ शायनिंग. मग केव्हातरी, नेमकं कधी ते आठवत नाही, मान आपोआप समेवर हलायला लागली. आजही गाण्यातलं मला फार कळतं असं नाही. पण ललत लागला की त्या पहाटेची थंडी अंगावर येते, ते सोंग नाही. ते पहिल्या दिवशी सोंगच होतं.

खोलीतल्या त्या मित्राला हे काहीच करावं लागलं नाही. त्याला सम पाळण्यातच सापडली होती. म्हणून तर तो ‘साधा’ होता. शिकलेल्यांच्या, गाणाऱ्यांच्या, इंग्रजी बोलणाऱ्यांच्या घरात जन्मलेली माणसं फार साधी असतात, बघा. त्यांना आव आणायची गरजच नसते, सगळं घरात आणून ठेवलेलं असतं. आव आणावा लागतो तो तुमच्या-माझ्यासारख्याला, ज्याच्या घरी ग्रंथ म्हणजे पोथी आणि पेटी म्हणजे तांदळाची. तेव्हा ‘जसे आहात तसे राहा, उगाच आव कशाला’ हा उपदेश ऐकला की मी विचारतो, कोण सांगतंय? वरच्या पायरीवरचा सांगत असेल तर त्याचा अर्थ सरळ आहे. खालच्या पायरीवरचा सांगत असेल, आपल्यासारखा, तर मला जास्त वाईट वाटतं.

पायरी हा शब्द हलका नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या बायकांना वेगळं बोलावून लुगडं कसं नेसावं हे सांगितलं होतं. गुडघ्याशी वर खोचलेलं, बघताक्षणी जात सांगणारं नेसू नका, वरच्या जातीच्या बायका नेसतात तसं अंगभर नेसा, ते कथलाचे-चांदीचे ढीगभर दागिने टाकून द्या. दुसऱ्या दिवशी बायका तशा नेसून आल्या. माझी चुकलेली वाहवा आणि ते लुगडं मी एका पंगतीला बसवत नाही, तेवढी अक्कल मला आहे. पण ‘हे तुमचं नव्हे, तुम्हाला शोभत नाही’ हे वाक्य तेव्हा ज्या घशातून निघत होतं, त्याचाच बारीक आवाज आपल्या ओटीवर त्या रात्री होता, हे मला नाकारता येत नाही.

ग्रुपच्या डीपीला आपण शिवराज्याभिषेकाचं चित्र लावलंय. ६ जून १६७४. त्या सुमाराला महाराजांनी फारसी पदनावं बदलून संस्कृत केली: मुजुमदाराचा अमात्य केला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. आज ‘सचिव’ म्हटलं की मंत्रालयातला सहावा मजला आठवतो, पण तेव्हा गडावरच्या कितीतरी जिभांना हे शब्द जड गेले असतील. कुणीतरी कोपऱ्यात हसलंही असेल. आपण कुठे उभे असतो त्या दिवशी, विचार करा.

आता तुमची बाजूही घेतो, कारण तुम्ही म्हणाल, मग काय सगळीच शायनिंग गोड मानायची? नाही. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, हे तर आपण रोज बघतो. पण गंमत अशी की त्याच एका सोंगावर आपण हसत नाही. एकाने कर्ज काढून उंच काळी गाडी घेतली, तिचे हप्ते भरायला बायकोच्या पाटल्या गेल्या, आणि ग्रुपवर अठ्ठावीस जणांनी ‘अभिनंदन भावा’ लिहिलं. मीही लिहिलं. लग्नाआधीचे फोटो काढायला ड्रोन येतो तेव्हा आपण त्याला प्रगती म्हणतो. पोरीच्या तोंडी एक शब्द नवा आला तर ती वाया गेली.

आणि ढोंगी मलाही चालत नाहीत. ज्याला कळत नाही आणि ज्याच्या न कळण्याने दुसऱ्याचं नुकसान होतं, त्याने आव आणू नये. ताप कसला ते न समजता सुई टोचणारा, नकाशा न वाचता मोजणीचे खुंटे ठोकणारा. तसाच दुसरा प्रकार, तो पुण्यात मी भरपूर बघितला: सम सापडली की मागून येणाऱ्याचं बोट पकडायचं सोडून त्याच्याकडे बघून ओठ मुडपणारा. एकदा मीही ते केलं. साताऱ्याकडचा एक नवा मुलगा ऑफिसात आला होता. त्याने कुठल्याशा गझलेला ‘ठुमरी’ म्हटलं आणि मी चार लोकांत त्याची फिरकी घेतली. तो पुन्हा कधी माझ्यासमोर गाण्याबद्दल बोलला नाही. त्या मुलाचा चेहरा आणि वाट्या घेऊन आत जाणाऱ्या आपल्या मुलीची पाठ, मला हल्ली एकदमच आठवतात.

तिला मी गेल्या आठवड्यात फोन केला. आधी ‘बरी आसंय काका’च्या पलीकडे जाईना. मग मी विचारलं, ते स्पेसचं काय म्हणत होतीस? पंधरा मिनिटं बोलली. अर्धं मला कळलं नाही, आणि थोडंफार तिलाही कळलेलं नसावं. पण बाकड्याबद्दल तिने एक गोष्ट विचारली जी मला सांगता आली नाही: राजा बाकड्यावरून उतरला की तो राजा राहतो का? ती जत्रेला येणार आहे, कॉलेजातून एक कॅमेरा मागून आणणार आहे आणि कंपनीच्या माणसांशी तिला रंगपटात बसून बोलायचंय. शिवाय एका जुन्या राजपार्टीला भेटायचंय. गुडघे गेलेत त्यांचे, पण आवाज अजून आहे, असं मी तिला सांगितलं. त्यांच्या मुलाने, म्हणजे गाडी लावायला जागा नसलेल्याने, तेवढं जमवून द्यावं.

मी येतंय. चटई माझ्याकडे, पुढच्या रांगेतली जागा धरायची तुमच्याकडे, आणि खाजं दोन पुडे जास्त घ्या. तिला आवडतं.

तुमचाच,
हजेरीपटावरचा सतरा नंबर